अडीच महिन्यांच्या बाळासाठी कुठला फॉर्म्युला?

सायली_आई: बाळ अडीच महिन्यांचं आहे. अंगावरचं दूध पुरत नाही म्हणून डॉक्टरांनी दिवसातून दोन-तीनदा वरचं द्यायला सांगितलंय, साधा पहिल्या टप्प्याचा फॉर्म्युला. पाजल्यावर बाळ गुळणी काढतं, शी हिरवट होते. नणंद म्हणते लॅक्टोज-फ्री आण, म्हणजे दुधातली साखर नसलेला. मैत्रीण म्हणते शेळीच्या दुधाचा हलका असतो. वजन मात्र वाढतंय. डबा बदलू का?

मुक्ता: आमच्याकडे बदलावा लागला, पण कारण वेगळं होतं. शीमध्ये रक्ताच्या रेघा, अंगावर पुरळ आणि वजन अडलेलं. गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी निघाली. डॉक्टरांनी एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड फॉर्म्युला दिला, म्हणजे प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेला. वास उग्र, चव कडवट, पण बाळ सावरलं. तुझ्याकडे यातलं काही दिसतंय का?

सायली_आई: नाही, यातलं काहीच नाही.

रातपाळी: मी नवजात शिशू विभागात नर्स आहे. वजन वाढतंय हे तुम्ही शेवटी लिहिलंत, मी ते आधी वाचते. या वयात दिवसाला साधारण 20 ते 30 ग्रॅम वाढ, भरपूर ओले लंगोट आणि गुळणीनंतरही बाळ खुशीत, असं असेल तर दूध मानवतंय. अन्ननलिकेच्या तळाची झडप अजून कच्ची असते म्हणून दूध वर येतं, वर्षाच्या आत बहुतेकांचं थांबतं. फॉर्म्युल्यावर हिरवट शी नेहमीचीच.

लॅक्टोज आईच्या दुधातही असतं, 100 मिलीत जवळपास 7 ग्रॅम. अंगावर पाजताय आणि ते पचतंय, मग लॅक्टोज-फ्री कशासाठी? जन्मजात लॅक्टोज न पचणं फार दुर्मीळ. जोराच्या जुलाबांनंतर मात्र कधीकधी डॉक्टर थोड्या काळासाठी तसा फॉर्म्युला देतात. आणि शेळीचं म्हणाल, तर त्यातली प्रथिनं गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती की ॲलर्जी असलेल्या बाळाला त्याचा उपयोग नाही, नसलेल्याला गरज नाही.

डब्यावरच्या मोठ्या अक्षरांना भुलू नका. प्रथिनं, लोह, जीवनसत्त्वं किती हवीत हे नियमांनीच ठरलेलं असतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर गोष्ट वेगळी, त्यांना जास्त उष्मांकाचा फॉर्म्युला लागतो आणि तो डॉक्टरच ठरवतात.

मला जास्त काळजी वाटते ती दूध कसं कालवलं जातं याची. आधी पाणी मोजून बाटलीत, मग पावडर. चमचा त्याच डब्यातला, दाबून भरायचा नाही, सुरीच्या पाठीने सपाट करायचा. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी किमान 70 अंश हवं: उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत वापरा, मग बाटली वाहत्या नळाखाली गार करा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. उष्टं उरलेलं दूध पुन्हा द्यायचं नाही.

सायली_आई: ताई, रात्री बाळ जास्त झोपावं म्हणून सासूबाई एक चमचा जास्त टाकतात. चालेल?

रातपाळी: नाही, अजिबात नाही. घट्ट दुधाने बाळाला पाणी कमी पडतं, मूत्रपिंडांवर ताण येतो, शी कडक होते. पातळ केलं तर पोषण तुटतं. डब्यावर लिहिलंय तेवढंच, दिवसा आणि रात्रीही. सासूबाईंना डब्यावरचा तक्ता मोठ्याने वाचून दाखवा, रागावू नका, त्यांनाही बाळाची झोपच हवी आहे.

मुक्ता: सहा महिन्यांनी दुसऱ्या टप्प्याचा घ्यावाच लागतो का?

रातपाळी: नाही. पहिल्या टप्प्याचाच वर्षापर्यंत चालतो, सहा महिन्यांनंतर सोबत वरचं खाणं सुरू करायचं. आणि सायली, हिरवी किंवा पिवळी उलटी, लांब उडणारी उलटी, शीमध्ये रक्त, किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, तर इथे विचारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.