बहुमताला मोकळे रान नाही

निवडून आलेल्या सरकारला पाच वर्षे मोकळे रान असते, हे मत मला मान्य नाही. संविधान अधिकार देते तसेच त्यांना कुंपणही घालते. मूलभूत हक्कांवर घाला घालणारा कायदा विधानसभेने एकमताने केला तरी कलम १३ नुसार तो तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो.

आपल्या गोव्याचेच पाहावे. पालिका निवडणुकांच्या वेळी राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार सरकारच्या कायदा सचिवांकडे होता, म्हणजे जो अधिकारी सरकारच्या फायलींवर कायदेशीर सल्ला देणार, तोच सरकार चालवणाऱ्या पक्षाच्या निवडणुकीवर देखरेख ठेवणार. मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे आणि सांगे येथील प्रभाग आरक्षणात महिलांचा किमान एक तृतीयांश वाटा पाळला गेला नव्हता, म्हणून उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. प्रकरण दिल्लीला गेले आणि १२ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सरकारी सेवेतील व्यक्तीला हे पद देणे ही संविधानाची थट्टा असल्याचे सांगून, स्वतंत्र आयुक्त नेमण्याचे बंधन केवळ गोव्यावर नव्हे तर सर्व राज्यांवर घातले. या आयुक्ताला उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच पदावरून दूर करता येते, अन्यथा नाही. आणि ही तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते.