भुताचे सिनेमे: घाबरलात की नुसतेच दचकलात?

पडवी
लेकीने परत 'मुंज्या' लावला होता. मी गवार मोडत अर्धं लक्ष तिकडे. सुरुवातीचा १९५२चा कोकणातला भाग आला आणि आजोळचा पिंपळ आठवला. तिन्हीसांजा झाल्या की आजी म्हणायची, "तिकडून येऊ नका, सोडमुंज व्हायच्या आधी गेलेला पोरगा आहे तिथे." बस, एवढंच. पुढे ना गोष्ट, ना वर्णन. आम्ही लांबचा वळसा घालून घरी यायचो.
सिनेमात तो मुंज्या पुण्यात आला, माकडासारखा नाचायला लागला, आणि माझी भीतीच गेली. सुहास जोशी आहेत तोवर छान. मग नुसता कॉम्प्युटर. गेल्या काही वर्षांतल्या भुताच्या सिनेमांत खरंच कशाने फाटली तुमची? समीक्षा नको, अनुभव लिहा.

बे_एके_बे
कशानेच नाही. धाडकन म्युझिक वाजवतात त्याला भीती म्हणत नाहीत. कुकरच्या शिट्टीलाही मी तितकीच दचकते.

चिंचपोकळी_लोकल
तुंबाड!! विषय संपला.

चिंचपोकळी_लोकल
बरं सविस्तर. २०१८ला थेटरात आम्ही मोजकी टाळकी. २०२४च्या सप्टेंबरात परत लागला तर हाऊसफुल, आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमावला. तेव्हा कुठे होता रे सगळे? ती साखळदंडांनी जखडलेली आजी आणि विनायकचा पोरगा पांडुरंग, दोन्ही कामं त्याच पोराने केलीत, मोहम्मद समद. कळल्यावर परत बघितला, तरी आजीच दिसली, पोरगा नाही.

मालवणी_खाजा
मुंजो बघलंय. हसान हसान पोटात दुखला. आमच्या राखणदार देवचाराक अजून कोणी सिनेमात घेवक नाय ता बरा, नायतर तोय आयटम साँगवर नाचतलो.

पडवी
@मालवणी_खाजा 😂😂 देवचाराला कळलं तर तुमचं काही खरं नाही

रिमझिम_सातारा
मला तुंबाडमध्ये भुतापेक्षा पावसाची भीती वाटली. सतत ओलं, चिखल, कुबट. अनेक पावसाळे शूटिंग चाललं म्हणे, दिसतंच ते. तो वाडा सासवडचा, पुरंदऱ्यांचा. आम्ही लहानपणी तिकडून जायचो तेव्हा काही वाटलं नव्हतं, आता नवरा म्हणतो गाडी थांबवू का, तर नको म्हणते.

उसाचं_गुऱ्हाळ
'लपाछपी' कुणालाच आठवत नाही का? २०१७, पूजा सावंत. उसाच्या फडात अंधार पडल्यावर कसं वाटतं ते ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल. त्याच दिग्दर्शकाने, विशाल फुरियाने, हिंदीत 'छोरी' केला. ऊस तोच पण मजा मराठीत. आमचं शेत आहे, त्यानंतर रात्रीचं पाणी द्यायला एकटा जात नाही. लाईट रात्रीच येते हे वेगळं दुःख.

बे_एके_बे
@उसाचं_गुऱ्हाळ दिवसा लाईट द्या, निम्मी भुतं जातील

उसाचं_गुऱ्हाळ
बिबट्या राहतोच ना ताई. त्याला म्युझिक पण नसतं.

नाव_सुचेना
स्त्री २ फॅमिलीसोबत बघितला, मज्जा आली, सरकटा बघून भाचा मांडीवर चढला. तुम्ही लोक फार विचार करता बुवा. समोसे मात्र २०० रुपयांना दोन. तिथे फाटली.

अहमदाबादची_सून
हिंदी 'शैतान' आवडलेल्यांनी मूळ गुजराती 'वश' बघाच. दोन्हीकडे मुलगी तीच, जानकी बोडीवाला. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो 'वश'साठी. माधवन भारीच आहे, पण नावाजलेला नट समोर असला की आपण अभिनय बघत बसतो. 'वश'मधला माणूस शेजारच्या बंगल्यातला वाटतो. बाप समोर उभा आणि पोरगी परक्याचं ऐकतेय. भूत नाही, काही नाही. मी मध्येच बंद करून लेकीच्या खोलीत डोकावून आले. ती रील्स बघत होती. तेही वशीकरणच म्हणा. पोळ्या राहिल्यात, नंतर येते

जुना_प्रोजेक्टर
भ्रमयुगम. मल्याळम, अख्खा कृष्णधवल, २०२४चा. मामुट्टी नुसता बसून जेवतो. त्या जेवण्याची भीती वाटते. पडवीताई, तुमच्या आजीचं तंत्र हेच, दाखवायचं कमी. आपल्याकडे भुतांचा एवढा साठा, पण ती हिंदीत जाऊन विनोद करतात. मुंज्याचा दिग्दर्शकही आपलाच, सरपोतदार. आधी डोंबिवलीत झोंबी आणले होते त्याने, 'झोंबिवली'.

चिंचपोकळी_लोकल
झोंबिवली मस्त होता! संध्याकाळची कल्याण फास्ट बघितलेल्याला झोंबींचं काय कौतुक, पण तरी

पडवी
भ्रमयुगम आज रात्री लावते. सबटायटल वाचायला चष्मा लागेल म्हणजे डोळे झाकता येणार नाहीत 😐

रिमझिम_सातारा
तुंबाडची कल्पना भयकथावाल्या नारायण धारपांच्या गोष्टीवरून सुचली ना? ठाण्यात धारपांची पुस्तकं कुठे मिळतील? लायब्ररीत विचारलं तर सगळे बाहेर गेलेत म्हणाले.

जुना_प्रोजेक्टर
धारप नेहमी बाहेरच असतात. नाव लावून ठेवा.