ध्रुवीकरणाचे मूळ समाजमाध्यमांच्या आधीचे
अमेरिकेतील ध्रुवीकरण समाजमाध्यमांमुळे निर्माण झाले, असे म्हटले जाते; हे मत मला अपुरे वाटते. १९५० मध्ये तेथील राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या समितीची तक्रार नेमकी उलट होती: डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन्ही पक्षांत पुरेसा फरकच नाही, त्यामुळे मतदाराला खरी निवड करता येत नाही. (आज ती तक्रार वाचताना हसू येते.) तो सारखेपणा मात्र निर्मळ नव्हता; दक्षिणेतील वर्णभेदवादी आणि उत्तरेतील उदारमतवादी एकाच डेमोक्रॅटिक पक्षात नांदत होते, ते कृष्णवर्णीयांच्या हक्कांचा प्रश्न दीर्घकाळ बाजूला ठेवल्यामुळेच. १९६४चा नागरी हक्क कायदा आणि १९६५चा मताधिकार कायदा झाल्यावर ती मोट सुटली, दक्षिणेतील बहुसंख्य गोरे मतदार पुढील काही दशकांत रिपब्लिकन पक्षाकडे गेले, आणि वंश, धर्म व प्रदेश यांच्या भेदरेषा पक्षरेषेवरच येऊन बसल्या.

युरोपातही दुही कमी नव्हती. ऑस्ट्रियात १९३४ मध्ये ती शस्त्रांपर्यंत गेली. पण नेदरलँड्सने १९१७ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्व (मतांच्या प्रमाणात पक्षांना जागा) स्वीकारल्यावर कॅथलिक, प्रोटेस्टंट किंवा समाजवादी यांपैकी कोणालाच एकट्याने बहुमत मिळाले नाही, त्यामुळे कालच्या विरोधकाबरोबर उद्या सरकार चालवावे लागेल याचे भान प्रत्येकाला ठेवावे लागले. ब्रिटनची मतदानपद्धती अमेरिकेसारखीच, म्हणजे मतदारसंघात सर्वाधिक मते मिळवणारा जिंकतो अशी, असल्याने ते उदाहरण या तुलनेत वेगळे धरावे.