मदत हवी आहे: १० गिगाहर्ट्झला मायक्रोस्ट्रिपमध्ये सिग्नल गळतोय
नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. १.६ मिमी जाडीच्या एफआर-४ (नेहमीच्या काच-इपॉक्सी) सर्किट बोर्डावर ५० ओहमसाठी ३ मिमी रुंदीची, १० सेंमी लांब मायक्रोस्ट्रिप, म्हणजे सिग्नल वाहून नेणारी तांब्याची पट्टी, फेरिक क्लोराइडमध्ये कोरून काढली. कडा भिंगाखाली थोड्या खडबडीत दिसतात. २.४ गिगाहर्ट्झला ठीक चालते, पण १० ला निम्म्याहून जास्त पॉवर वाटेतच जाते. एफआर-४चा डायइलेक्ट्रिक लॉसच (बोर्डाच्या पदार्थात उष्णता होऊन जाणारी पॉवर) मुख्य असावा, असं मला वाटतं. की कनेक्टरचा सोल्डर जॉइंट?

लॅबमधल्या डब्ल्यूआर-९० वेव्हगाइडमधून (लहरी वाहून नेणारी धातूची पोकळ नळी; कटऑफ ६.५६ गिगाहर्ट्झ, त्याखालचा सिग्नल जात नाही) हाच सिग्नल व्यवस्थित जातो. त्यातून मायक्रोस्ट्रिपवर यायला प्रोब (नळीत घुसवलेली बारीक तार) बंद टोकापासून पाव गाइड तरंगलांबीवर (नळीच्या आतली तरंगलांबी), म्हणजे साधारण १० मिमीवर ठेवलाय. तो आत किती खोल घ्यावा? कमी लॉसच्या बोर्डाचा छोटा तुकडा कुठे मिळेल? नवी पेठेत विचारलं, मिळाला नाही. कुणी हे स्वतः केलं असेल तर कृपया सांगा, सबमिशन जवळ आलंय.