गच्ची, जिना अन् माळ्यावरचा पसारा

सेक्रेटरी: पाऊस तोंडावर आला आहे. रविवारी सकाळी गच्ची आणि जिना मोकळा करू. टायर, फुटक्या कुंड्या, मोडके चपलांचे स्टँड ज्याचे त्याने उचलावेत. आग लागली तर उतरायला हा एकच जिना आहे.

बी-204: कुलर कुठे ठेवायचे भाऊ? जळगावात पारा 45 च्या वर जातो, कुलर तर लागतोच.

सेक्रेटरी: चालू कुलर ठेवा ना भो. फक्त गवत काढून टाका अन् टाकी घासून कोरडी करा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटतात, कोरड्यात काही महिने टिकतात अन् पाणी लागलं की त्यातून अळ्या निघतात.

सी-102 (काकू): गच्चीवरलं मोठं खापर कोनी हलवू नका. मन्ही सासूनं शे ते, आखाजीले लागस.

सेक्रेटरी: काकू, अक्षय्य तृतीयेला पुरणपोळ्या भाजायचं खापर ते, पसाऱ्यात येतच नाही. फक्त पावसात नको, खाली आणून देतो.

ए-301: मी माळा अन् कपाट दोन्ही उपसलं. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न: ही हरवली असती तर पुन्हा विकत आणली असती का? आहेरातले न उघडलेले काचेचे सेट, रुखवतातली शोभेची भांडी, सगळ्यांचं उत्तर नाही आलं. नव्या संसाराला कोणाला हवं असेल तर सांगा, घरी येऊन बघा.

बी-204: ताई, सेट आमच्या भाचीला चालेल. आमच्याकडे तांब्याचा बंब आहे, गिझर आल्यापासून बंद. मोडीत द्यावा का?

ए-301: द्या, पण आतली लोखंडी जाळी काढून, समोर तोलून. तांबं अन् पितळ वेगळं तोला, तांब्याला भाव जास्त. दोन दुकानांत विचारूनच द्या. पितळी हंडा मात्र मी ठेवला, रोज पाणी भरते त्यात.

ए-402: आमच्या जुन्या डबा टीव्हीला भंगारवाला येतोय उद्या.

सेक्रेटरी: त्याला फोडायला देऊ नका. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवा. सगळ्यांचे टीव्ही, चार्जर, मोबाइल पार्किंगमध्ये एकत्र ठेवू, मी गाडीचं विचारतो.

ए-402: बरं, थांबतो. कपड्यांची दोन गाठोडी चोपड्याकडच्या पाड्यांवर पाठवायची म्हणतोय.

ए-301: आधी तिथल्या ओळखीच्या शिक्षकांना विचारा काय लागतं. फाटलेलं, रंग गेलेलं पाठवू नका हो, पाड्यावरच्या माणसांनाही आपल्यासारखेच धड कपडे लागतात. सुती लुगडी-साड्या असतील तर मला द्या, गोधडी शिवून घेणार आहे.

सी-102 (काकू): मन्हाकडे सहा-सात शेत. सांजले ये.

सेक्रेटरी: रविवारी सात वाजता. हातमोजे अन् झाडू आणा, पोती सोसायटीकडून मिळतील.