मदत हवी आहे: मंडईतला बंद गाळा बचत गटाला कसा मिळवायचा?

पेठेतली_शिवणवाली:
नमस्कार, आमच्या गटाला जुन्या साड्यांच्या पिशव्या, गोधड्या नि कपडे दुरुस्ती असं एकत्र दुकान टाकायचंय. मंडईतला एक गाळा कित्येक वर्षं बंद आहे, शटर गंजून जाम झालंय, तरी विचारायला गेलं की लिलावात या म्हणतात. अनामत रक्कम कुठून आणायची आम्ही? दिवाळीआधी सुरू करायचंय, लवकर सांगा.

पेठकर:
गाळा कुणाचा? नगरपालिका, बाजार समिती की देवस्थान? गट कुठला, माविमचा (राज्याच्या महिला आर्थिक विकास महामंडळाचा) की एनयूएलएममध्ये (केंद्राच्या शहरी उपजीविका अभियानात, ते २०२४ ला संपलं) झालेला?

कोकणीमामा:
कलम ८ ची, म्हणजे समाजकार्यासाठीची कंपनी काढा सरळ. सीएसआरचा, म्हणजे मोठ्या कंपन्या समाजकार्याला देतात तो पैसा मिळतो.

सहकारी:
त्यात नफा सभासदांना वाटता येत नाही मामा. सहकारी संस्था करा, वेगवेगळ्या घरांतल्या १० जणी लागतात. पुण्यातली ‘स्वच्छ’ बघा, कचरावेचकांची स्वतःची संस्था, २००८ पासून महापालिकेबरोबर काम करतेय.

कोकणीमामा:
नफा नाही पण मजुरी देता येते की! सहकारी संस्था नोंदवायला निबंधकाकडे खेटे घालायला वेळ आहे का त्यांना?

ओव्हरलॉक:
मशीन कुठलं घेताय? गोधडीला १८ नंबरची सुई ठेवा, बारीक सुई तुटते.

सुमनमावशी:
साड्या कुठून आणणार? आमच्याकडे बोहारीण यायची, साड्या घेऊन स्टीलचं पातेलं द्यायची, दोन साड्यांवर अर्धा तास घासाघीस चालायची. हे काम त्या पिढ्यान्‌पिढ्या करतायत. घरोघरी फुकट गोळा करून त्यांच्या पोटावर पाय आणू नका, त्यांच्याकडूनच विकत घ्या.

पेठेतली_शिवणवाली:
गाळा पालिकेचाच, गट एनयूएलएममध्ये झालेला, ७ जणी आहोत. मावशी, पटलं, बोहारणींशी बोलते. पिशव्या भाजीवाले घेतात, पण २०१८ च्या प्लास्टिकबंदीची तपासणी थंडावली की परत पातळ कॅरीबॅग दिसायला लागतात, म्हणून दुरुस्तीचं काम जोडीला हवंच.

पेठकर:
७ जणींत सहकारी संस्था होत नाही, तो वाद सोडा. आधी माहिती अधिकारात विचारा की गाळा शेवटचा लिलावात कधी काढला नि बोली आली का. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तराची वाट बघत बसू नका, वस्तीस्तर संघाच्या (वस्तीतल्या बचत गटांच्या संघाच्या) लेटरहेडवर पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना अर्ज द्या, बचत गटांचं विक्री केंद्र म्हणून ठरावीक मुदतीसाठी मागा. ठराव पालिकेच्या सभेपुढे यायला हवा, तुमच्या नगरसेविकेला गाठा. अर्जाचा आवक नंबर (पोचल्याची नोंद) घेतल्याशिवाय परत येऊ नका.

पेठेतली_शिवणवाली:
संघाच्या अध्यक्षा आमच्याच गल्लीतल्या आहेत, उद्या जाते. अर्जात भाड्याचा आकडा टाकू का?

सहकारी:
टाका. शेजारचे गाळेवाले काय भरतात ते विचारून घ्या आधी.