भूकंपाची ‘तीव्रता’ नेमकी कशाला म्हणायचं?

शब्दवेडा : ‘६.२ रिश्टर स्केल तीव्रतेचा भूकंप, केंद्रबिंदू जमिनीखाली १० किमी’ असं वाक्य बातम्यांत नेहमी दिसतं. यातला ‘तीव्रता’ हा शब्द बरोबर आहे का? काही ठिकाणी ‘परिमाण’ वाचलं, काही ठिकाणी ‘महत्ता’. आणि फॉल्टला, म्हणजे खडक जिथे तुटून एकमेकांवरून सरकतात त्या पृष्ठाला, विभंग म्हणायचं, भ्रंश की प्रस्तरभंग?

कातळ : तीव्रता चूक. परिमाण किंवा महत्ता, दोन्ही चालतील. मी परिमाण वापरतो.

परिमाण म्हणजे भूकंप मुळात केवढा होता. एका भूकंपाला एकच आकडा. तीव्रता म्हणजे अमुक गावी जमीन किती हलली, काय पडलं, काय टिकलं. ती गावागणिक बदलते आणि मर्केली किंवा एमएसके श्रेणीवर १ ते १२ अशी मोजतात, तीही सहसा रोमन अंकांत, म्हणजे परिमाणाशी गल्लत होत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचं परिमाण ६.२, मग ते लातुरात मोजा नाहीतर जपानात. तीव्रता मात्र किल्लारी परिसरात ८ ते ९. मुंबईतही हादरा जाणवला, पण तिथे ती बरीच कमी.

किल्लारीला एवढी हानी का झाली, हे परिमाणावरून कळतच नाही. नाभी, म्हणजे खडक जिथून सरकायला लागला ती जमिनीखालची जागा, उथळ होती, वेळ पहाटे चारच्या सुमाराची होती आणि घरं मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींची. भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर, मधे भराव, दोन्ही पदर बांधून ठेवणारे आरपार दगड नाहीत. हादऱ्याने पदर सुटून भिंती फुगल्या आणि वरचं मातीचं जड माळवद खाली आलं.

लंबक : ‘रिश्टर’बद्दलही बोला की. ते एकक नाही, त्यामुळे ‘६.२ रिश्टर’ हा प्रयोगच गैर. रिश्टर यांनी १९३५ साली कॅलिफोर्नियातल्या भूकंपांसाठी, एका विशिष्ट यंत्रावरच्या नोंदी धरून ती श्रेणी बसवली. सातच्या आसपास ती तोकडी पडायला लागते: भूकंप मोठा झाला तरी आकडा त्या मानाने वाढत नाही. म्हणून मोठ्या भूकंपांसाठी आता आघूर्ण परिमाण वापरतात. फॉल्टच्या सरकलेल्या पृष्ठाचं क्षेत्रफळ, सरकण्याचं अंतर आणि खडकाची दृढता यांच्या गुणाकारावरून ते काढतात. ढोबळ हिशेब: १० किमी गुणिले १० किमीचं पृष्ठ ८०-८५ सेंमी सरकलं की परिमाण ६.२ च्या आसपास येतं.

श्रेणी लॉगॅरिदमिक आहे हेही बातमीदार विसरतात. एका अंकाच्या वाढीला नोंदीतल्या कंपनाचा झोका १० पट, ऊर्जा सुमारे ३२ पट. दोन अंकांना ऊर्जा हजार पट. ‘५ च्या तुलनेत ६ थोडाच जास्त’ असं लिहिणाऱ्याला काय म्हणावं!

शब्दवेडा : आणि केंद्रबिंदू?

कातळ : तो शब्द दोन वेगळ्या जागांसाठी वापरला जातो, तिथे घोळ होतो. खडक जिथून सरकायला लागतो ती खोलातली जागा म्हणजे नाभी. तिच्या बरोबर वर, जमिनीवरची जागा म्हणजे अपिकेंद्र. खोली नाभीला असते, अपिकेंद्राला नाही. आणि ‘१० किमी’वर फार विसंबू नका. जवळपास पुरेशी यंत्रं नसली की खोली नीट ठरत नाही, तेव्हा गणितात ती १० किमी धरून टाकतात. लागोपाठच्या बातम्यांत तोच आकडा दिसतो तो बऱ्याचदा यामुळे.

लंबक : नोंदणी केंद्रापासून भूकंपाचं अंतर कसं काढतात तेही सांगतो. आधी पोचणाऱ्या प्राथमिक लहरी पृथ्वीच्या कवचात सेकंदाला साधारण ६ किमी धावतात, मागून येणाऱ्या दुय्यम सुमारे साडेतीन. दोन्ही पोचण्यातल्या फरकाच्या सेकंदांना ८ ने गुणलं की अंतर, म्हणजे १० सेकंदांचा फरक तर ८० किमी. एका नोंदणी केंद्रावरून फक्त वर्तुळ मिळतं, तीन केंद्रांची वर्तुळं छेदली की जागा. केंद्राचं घड्याळ चुकलं तरी हा फरक बिघडत नाही, भूकंपाची वेळ तेवढी चुकते. खरी अडचण दुय्यम लहर ओळखण्यात. प्राथमिक लहरीची थरथर चालूच असते, तिच्यात दुय्यम लहरीची सुरुवात बुडते. म्हणून ती जमिनीच्या उभ्या हालचालीच्या नोंदीऐवजी आडव्या हालचालींच्या नोंदींत शोधायची. एक सेकंद चुकलात की ८ किमी चुकलात.

कातळ : विभंग, भ्रंश, प्रस्तरभंग तिन्ही रूढ आहेत, एका लेखात एकच ठेवा. ‘भेग’ किंवा ‘फट’ मात्र नको. सह्याद्रीच्या बेसाल्टात उभ्या फटी जागोजाग दिसतात, पण बहुतेकींच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून सरकलेल्या नसतात. सरकणं असेल तरच विभंग. घासून गुळगुळीत झालेलं, एकाच दिशेचे ओरखडे असलेलं पृष्ठ ही त्याची चांगली खूण. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात खडक मुख्यतः आडवे सरकले, किल्लारीत एक बाजू दुसरीवर चढली. दोन्हींना नुसतं ‘जमीन फाटली’ म्हटलं की हा फरकच जातो.

शब्दवेडा : मग वाक्य असं होईल का: ‘६.२ परिमाणाचा भूकंप. अपिकेंद्र किल्लारीजवळ, नाभी अमुक किमी खोल. गावात तीव्रता ८’?

लंबक : चालेल. ‘गावात’च्या जागी गावाचं नाव घाला.